खोकल्याचे बटण

मी एक जुना माईक आहे. लोक म्हणतात, माईक आवाज देतो. मी आवाज देत नाही, मित्रांनो. मी तो फक्त पुढे पोचवतो. समोरचा शहाणपणाचे बोलला तर शहाणपण पोचते, आणि त्याने नुसता घसा खाकरला तर तेही देशभर पोचते. यात माझा गुण नाही आणि दोषही नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या नोकरीच्या काळात फार थोड्यांना कळली, म्हणून मी जरा वैतागून बोलणार आहे. सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. जाळीच्या आत माझ्याकडे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आहे. त्याच्या मागे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक. कोणी बोलले की हवा हलते, हवेने पडदा हलतो, पडद्याबरोबर वेटोळे हलते आणि तारेत वीज तयार होते. माझे शास्त्र एवढेच. पण त्यातला पहिला शब्द नीट ऐका: हवा. माणूस बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून नुसते शब्द येत नाहीत. श्वास येतो, वाफ येते, थुंकीचे डोळ्यांना न दिसणारे कण येतात. म्हणून तर माझ्या डोक्यावर काळ्या फोमची टोपी घालतात. एखादे लांबलचक भाषण संपले की ती टोपी दमट झालेली असते. आरोग्य खात्यातल्या कोणी ती एकदा बोटाने चाचपून पाहिली असती, तर पुढचा पुष्कळ गोंधळ टळला असता.

कारखान्यातून मी आरोग्य मंत्रालयाच्या वार्ताकक्षात आलो. तळमजल्यावरची लांबट खोली, समोर पत्रकारांच्या खुर्च्या आणि रस्त्याच्या बाजूने ओळीने मोठ्या खिडक्या. खिडक्यांबाहेर बसथांबा. त्या बसच्या हॉर्नशी आमच्या ध्वनिकाकांचे हाडवैर होते. ध्वनिकाका म्हणजे माझा आवाज सांभाळणारे तंत्रज्ञ. जाड चष्मा, कानांवर हेडफोन, आणि खिशात नेहमी माझ्यासाठी एक मऊ ब्रश. बैठक सुरू होण्याआधी ते एकेक खिडकी ओढून लावत आणि कड्या घालत. “हॉर्न आला की लोक मंत्र्यांना नाही, मला शिव्या घालतात,” असे ते म्हणत. माझे कौतुक मात्र तोंडभरून करत. “एवढे मंत्री बदलले, हा काही बदलला नाही. यांच्यापेक्षा हा बरा, निदान दुसऱ्याचं ऐकून तरी घेतो.”

ती माझी सुखाची वर्षे होती. मग साथ आली.

साथ आल्यावर सरकारने पहिले काम केले ते म्हणजे रोज दुपारी देशाशी बोलायचे ठरवले. विचार चांगला होता. घाबरलेल्या माणसाला कोणीतरी रोज नीट सांगायला हवे असते. पण पहिल्याच दुपारी आरोग्यमंत्र्यांना बोलता बोलता खोकला आला. साधाच, घशात पाणी अडकल्याचा. तरी संध्याकाळपर्यंत देशभर झाले की मंत्र्यांनाच लागण झाली. दुसऱ्या दिवशी ध्वनिकाकांना हुकूम आला आणि त्यांनी माझ्या भाषणमेजाच्या आतल्या बाजूला एक छोटे लाल बटण बसवले. ते दाबले की माझ्या दांड्यावरचा दिवा विझे आणि मी मुका, सोडले की पुन्हा बोलका. बटणाचा ताबा प्रसिद्धी अधिकाऱ्यांकडे गेला. खोकला आला की दाबायचे, एवढ्यासाठीच ते होते. काका त्याला ‘खोकल्याचे बटण’ म्हणत, आणि पाठीमागे प्रसिद्धी अधिकाऱ्यांना ‘बटणसाहेब’.

आता माझी अवस्था ऐका. मंत्री मास्क लावून येत, माझ्यासमोर आले की तो हनुवटीखाली ओढत आणि अगदी माझ्या तोंडाशी तोंड आणून सांगत, “मास्क काढू नका.” मग सचिव येत, तेही मास्क खाली ओढून तेच सांगत. दोघांच्या मध्ये हातमोजे घातलेला एक शिपाई येऊन मला स्पिरिटने पुसून काढी. टोपी पुशी, दांडा पुशी, जिला कोणी हात लावत नव्हते ती माझी तारसुद्धा पुशी. स्पिरिटने माझ्या फोमचा भुगा होऊ लागला. आणि सगळ्या खिडक्या बंद. खोली भरलेली, हवा कोंदटलेली, एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात, आणि सगळ्यांना समाधान कशाचे, तर माईक स्वच्छ आहे!

त्या खोलीत दोन माणसांना हे दिसत होते. एक म्हणजे डॉक्टरबाई. त्या साथींच्या अभ्यासक. सरकारच्या सल्लागार समितीवर होत्या. हळू बोलत, चष्मा सारखा पुसत. पहिल्या आठवड्यातल्या एका बैठकीआधी मंत्र्यांनी त्यांना विचारले, “विषाणू बाहेरूनच येतो ना?”

“देशात बाहेरून आला, साहेब. आता तो माणसांत आहे.”

“म्हणजे बाहेरूनच. मग लोकांना सांगून टाकू, खिडक्या लावून घ्या.”

“उलट आहे साहेब. कोणी खोलीत सिगारेट ओढली तर धूर कोपऱ्यातल्या माणसापर्यंत जातो. आजारी माणसाचा श्वास तसाच पसरतो. खिडकी उघडली की तो विरतो.”

“डॉक्टरबाई, सिगारेटचं उदाहरण नको. लगेच तंबाखूवाले येतील भेटायला.”

आणि सूचना निघाली: घरे, कार्यालये आणि वसतिगृहांच्या खिडक्या बंद ठेवाव्यात. मी ती पोचवली. माझे कामच ते.

डॉक्टरबाईंनी हार मानली नाही. रोजच्या निवेदनात त्या एक वाक्य लिहून देत: ‘खिडक्या उघड्या ठेवा.’ बटणसाहेब माझ्या मेजावर कागद ठेवून ते वाक्य तासत बसत. मी वरून सगळे ऐके.

“उघड्या म्हटलं तर कालपर्यंत बंद का ठेवायला सांगितल्या, असं विचारतील.”

“विचारू द्या. चूक झाली, दुरुस्त केली, असं सांगू.”

“सरकार चुकत नसतं, बाई. सरकारच्या सूचना फार तर अद्ययावत होतात. शिवाय ज्यांच्या घराला खिडकीच नाही ते नाराज होतील. आणि इमारतीतली खिडकी हा विषय आपल्या खात्याचा नाही, गृहनिर्माणाचा.”

त्या दिवशी वाक्य झाले, ‘हवा खेळती राहील याचा विचार करावा.’ पुढच्या दिवशी ‘विचार’ हा शब्दही कोणाला तरी खटकला. शेवटी जे उरले ते मंत्र्यांनी मोठ्या गंभीरपणे माझ्यात वाचले: ‘योग्य ती काळजी घ्यावी.’ मित्रांनो, माझ्या पडद्यावरून आयुष्यभरात पुष्कळ पोकळ वाक्ये गेली, पण इतके हलके वाक्य गेले नव्हते.

हे दिसणारी दुसरी व्यक्ती म्हणजे ताई. मंत्र्यांच्या शेजारी उभी राहून ती प्रत्येक वाक्य हातांच्या खुणांच्या भाषेत सांगे, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही टीव्हीवर कळावे. पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोलात ती दिसे. खुणांच्या भाषेत चेहराही बोलतो, म्हणून तिला मास्क लावता येत नव्हता. ही भाषा ती कुठल्या वर्गात शिकली नव्हती. तिची आई जन्मापासून बहिरी. ताई बोलायच्या आधी खुणा करायला शिकली होती.

आई दूरच्या गावी, ऐकू न येणाऱ्या वृद्धांच्या निवासात राहत होती. परगावची वाहतूक बंद, त्यामुळे ताईला तिकडे जाता येईना. बैठक संपली, खोली रिकामी झाली की ती माझ्या मेजाला फोन टेकवून आईशी बोले. दोन्ही हात मोकळे हवेत ना! काका तारा गुंडाळत असत. आई काय म्हणते ते ताई त्यांना तोंडाने सांगे.

“आई म्हणते, काका, तुम्ही जाड झालात.”

“तिला म्हणावं, मी टीव्हीवर दिसतच नाही, तुला कसं कळलं?”

“ती म्हणते, आत्ता दिसताय की मागे. तारेपेक्षा तुम्हीच गुंडाळल्यासारखे दिसता.”

काका पोट धरून हसत. खुणांच्या भाषेत प्रत्येकाला एक खुणेचे नाव असते, हेही मला तेव्हाच कळले. आईने मंत्र्यांचे नाव ठेवले होते हनुवटीकडे मास्क ओढण्याची खूण. निवासातल्या सगळ्या म्हाताऱ्या त्यांना त्याच नावाने ओळखत. डॉक्टरबाईंचे नाव, चष्मा पुसणारी.

एके दिवशी मात्र फोनवर कोणी हसले नाही. ताई काकांना म्हणाली, “तिथल्या अधीक्षकांनी खिडक्यांना चिकटपट्टी लावलीय. फटी राहू नयेत म्हणून दुहेरी. एका दालनात सगळ्यांचे पलंग. दोन पलंग रिकामे झाले, काका. त्यातली एक आईची पत्त्यांतली जोडीदारीण. आई म्हणते, तिचेही पत्ते वाटून ठेवते आणि मग आठवतं.”

“तू बोललीस का त्या अधीक्षकाशी?”

“रोज बोलते. माणूस वाईट नाही हो. म्हणतो, बाई, मलाही गुदमरतं, पण आदेश आहे. उद्या काही झालं तर मला विचारतील, सरकारनं बंद सांगितल्या, तू का उघडल्यास? टीव्हीवर सरकारनं सांगू दे, त्या क्षणी उघडतो.”

काकांनी खिडक्यांकडे पाहिले. कड्या त्यांनीच घातल्या होत्या. “माझं काय, हॉर्नचा प्रश्न आहे गं,” ते पुटपुटले.

आता तुम्हाला कळले असेल. त्या दालनातल्या म्हाताऱ्या आणि उघडी खिडकी यांच्यामध्ये फक्त एक वाक्य होते. ते माझ्यातून जायचे होते, आणि मी रोज तयार होतो.

काही दिवसांनी निवासात तिसरा पलंग रिकामा झाला. त्याच दुपारी बैठकीत एक वयस्कर पत्रकार उठले. मंत्री दुसऱ्या बैठकीसाठी लवकर निघून गेले होते, आणि उत्तरे द्यायला डॉक्टरबाई माझ्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी मास्क खाली ओढला नाही. तरी त्यांचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू येत होता, हे मुद्दाम सांगतो.

पत्रकार म्हणाले, “योग्य ती काळजी म्हणजे काय, हे माझ्या बायकोला घरी जाऊन सांगायचंय. आमच्याकडे एकच खोली आहे. खिडकी उघडू की लावू? एका शब्दात सांगा.”

डॉक्टरबाईंनी समोरचा कागद पाहिला. मग चष्मा काढला, पुसला, आणि कागदाकडे न बघता बोलायला लागल्या.

“उघडा. खिडक्या बंद ठेवण्याची आमची पहिली—”

बटणसाहेबांचे बोट पडले. माझा दिवा विझला.

मुके होणे काय असते, ते तुम्हाला कसे सांगू? पडदा हलत होता, वेटोळे हलत होते, वीज तयार होत होती, आणि ती पुढे जात नव्हती. डॉक्टरबाईंना कळलेच नाही. त्या बोलत राहिल्या. मास्कमागचा त्यांचा हळू आवाज शेजारच्या ताईपलीकडे, पत्रकारांच्या खुर्च्यांपर्यंत, पोचत नव्हता. ध्वनिकाका जागेवरून उडाले. त्यांना वाटले तार सुटली. बिचारे गुडघ्यांवर बसून मेजाखाली तारा चाचपू लागले. काका, तार नाही, बटण! तुम्ही स्वतः बसवलेले! पण माझे कोण ऐकणार?

देशभर टीव्ही गप्प झाले. चित्र मात्र चालू होते, कारण कॅमेरे वाहिनीच्या ताब्यात होते आणि बटणसाहेबांकडे बटण फक्त माझे होते. आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या गोलात ताईचे हात चालू होते.

तिने माझा दिवा विझलेला पाहिला होता. ती थांबू शकली असती. कोणी तिला काही म्हटले नसते. पण दुभाष्याच्या कामाचा एक नियम असतो. आपल्या पदरचे घालायचे नाही, समोरच्याचे गाळायचे नाही, आणि बोलणारा बोलत आहे तोवर हात खाली आणायचे नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या, आमची पहिली सूचना चुकीची होती. तिच्या हातांनी सांगितले, चुकीची होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, आजार श्वासातून, कोंडलेल्या हवेतून पसरतो, हातांनी सांगितले. म्हणाल्या, समोरासमोरच्या खिडक्या उघडा, वारा आरपार जाऊ द्या, वसतिगृहांनी आणि वृद्धनिवासांनी तर आजच उघडा. शेवटची खूण, दोन्ही तळवे पाकळ्यांसारखे बाहेर उघडण्याची, तिने अगदी स्पष्ट केली.

मित्रांनो, देशात ज्यांना ऐकू येत होते, त्यांना त्या दुपारी काहीच कळले नाही. ज्यांना ऐकू येत नव्हते, त्यांना सगळे कळले.

खोली रिकामी झाल्यावर बटणसाहेब ताईसमोर येऊन उभे राहिले. “काय केलंत हे?”

“त्या बोलल्या, मी सांगितलं. माझं तेवढंच काम.”

“माईक बंद होता!”

“माझे हात माईकला जोडलेले नाहीत, साहेब.”

काका मेजाखालून निघत होते. त्यांनी डोके आपटले, पण हसू काही त्यांना आवरले नाही.

बटणसाहेब पाय आपटत गेले आणि ताईचा फोन थरथरला. आई होती. या वेळी आईच्या खुणा इतक्या भराभर येत होत्या की ताईला तोंडाने सांगताना दम लागला.

“म्हणते, बैठक संपायच्या आत सगळ्या उठल्या... हिने आणि पलीकडच्या दोघींनी नखांनी चिकटपट्टी सोलली... अधीक्षक धावत आले, कोणी सांगितलं म्हणून ओरडले असावेत, तोंड तसं दिसत होतं... आई म्हणते, मी टीव्हीकडे बोट केलं. सरकार बोललं, तुला ऐकू नाही आलं का?”

“मग?” काकांनी विचारले.

“मग त्यांनी मंत्रालयाच्या मदतक्रमांकावर फोन केला. तिथून आलेलं उत्तर त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, योग्य ती काळजी घ्यावी. तेव्हा स्टूल आणून वरच्या झडपा त्यांनी स्वतः उघडल्या.” ताईने फोन काकांकडे वळवला. “बघा. पडदा कसा उडतोय.”

काकांनी चष्मा वर केला आणि डोळे पुसले. स्पिरिट गेले डोळ्यांत, असे म्हणाले.

त्यानंतर निवासातला एकही पलंग रिकामा झाला नाही. ते खिडक्यांमुळेच, असे मी म्हणणार नाही. एका दालनावरून काही सिद्ध होत नाही, डॉक्टरबाईंनीच तसे ताईला सांगितले. पण त्या दालनात श्वास घेणे सोपे झाले, हे आईने सांगितले, आणि ते सिद्ध करायची गरज नव्हती.

सरकारने मात्र खुलासा काढला. काल दुपारी निवेदनात जो खंड पडला, तो माईकमधील तांत्रिक बिघाडामुळे. म्हणजे माझ्यामुळे! माझ्या मानेला ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी बांधली. नवा माईक मागवला, पण तो यायला वेळ लागणार, म्हणून तोवर ती चिठ्ठी मिरवत मीच रोज देशाशी बोलत राहिलो. डॉक्टरबाईंना समितीवरून काढून एका अभ्यासगटावर नेमले. त्या गटाची बैठक कधी झाल्याचे मी ऐकले नाही.

आणि मग, बऱ्याच घरांतले बरेच पलंग रिकामे झाल्यावर, एका दुपारी मंत्री आले, मास्क हनुवटीखाली ओढला, आणि कागद वाचू लागले: “खिडक्या उघड्या ठेवा, हे सरकार पहिल्यापासून सांगत आले आहे...”

खोलीतल्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

ताईने हे वाक्य सांगायला हात उचलले नाहीत. ती मंत्र्यांकडे वळून शांतपणे म्हणाली, “एक मिनिट, साहेब,” आणि ते माझ्यातून देशभर गेले. ती रस्त्याच्या बाजूला चालत गेली. इतके दिवस बंद राहून कडी गंजली होती, तिला निघेना. तेव्हा ध्वनिकाका हेडफोन गळ्यात टाकून उठले. त्यांनी कडीवर तळहाताने दणका दिला, मग पुढची उघडली, मग तिच्या पुढची. बटणसाहेबांचे बोट बटणावर होते, पण खोकला कोणालाच आला नव्हता. ताई जागेवर परत आली, हात उचलले आणि म्हणाली, “हं, बोला.”

मंत्री बोलले. त्यांच्या प्रत्येक वाक्यात बसचा हॉर्न होता. काकांनी आवाजाच्या काट्याकडे एकदा पाहिले, आणि ते खिडकीजवळच उभे राहिले.

पुढे नवा माईक आला आणि मी फिरत फिरत तुमच्या शाळेत पोचलो. माझी तुम्हाला विनंती साधी आहे. मला स्पिरिट लावू नका. मऊ ब्रशने धूळ झाडली तरी पुरे. आणि वर्गातले कोणी माझ्यासमोर उभे राहून न आवडणारे पण खरे काही सांगत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. नंतर वाद घाला, प्रश्न विचारा, हवे तर चूक दाखवा. माझा पडदा पातळ आहे, पण तेवढा भार तो सहज पेलतो.